नवं इंजिन, जुने ब्रेक

अमेरिकेत १९५० च्या सुमाराच्या शेवरोले ३१०० पिकअपमधलं मूळ सहा सिलिंडरचं इंजिन काढून हौशी लोक आठ सिलिंडरचं बसवतात. इंजिन बसतं हो, पण खरं काम तिथून पुढे! तिचा शाफ्ट बंद नळीतून मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला, म्हणून बहुतेक जण तो अ‍ॅक्सलच बदलतात. वीज ६ व्होल्टची, ती १२ करतात. आणि ब्रेक? ते जुनेच ठेवले तर गाडी पळेल, वेळेवर थांबणार नाही.

अनुग्रह झाला की आपल्याकडेही हेच. पहाटे उठणं, जप, पारायण, जोर दुप्पट. जीभ मात्र तीच. सून आरतीला पाच मिनिटं उशिरा आली की देवासमोरच तिला बोलायचं. मुलगा म्हणतो, "बाबा, अनुग्रहाआधी तुम्ही बरे होतात." ऐकून राग येतो ना? तिथेच ब्रेक लागत नाहीये. 'घरच्यांना परमार्थ कळत नाही' म्हणून सुटता येत नाही. नाम आपण घेतलंय, धक्के खायचं व्रत त्यांनी नाही घेतलेलं.

तर येत्या गुरुवारपर्यंत माळ वाढवू नका. आहे तेवढीच करा, आणि आरतीला उशिरा येईल त्याच्या हातात काही न बोलता टाळ द्या.