वाचणार कोण?

'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला बसलेल्या मुलाला पक्कं ठाऊक असतं, की हे फक्त बाई वाचणार आहेत आणि तेही गुण देण्यापुरतं. मग तो गाइडातला पाऊस पाडतो. गल्लीतलं गटार तुंबलं, आजीच्या खोलीत पाणी शिरलं, यातलं काही वहीत उतरत नाही. मुलांना लिहिता येत नाही, अशी तक्रार आपण करतो. मला वाटतं, त्यांना वाचक मिळत नाही.

सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली. वर्गात फार वेळ बोलवत नसे. 1920 पासून तो बार-सुर-लू या डोंगराळ गावात शिकवू लागला. मुलांना घेऊन तो शिवारात हिंडे, परतल्यावर पाहिलेलं सारं फळ्यावर लिहिलं जाई आणि फळा पुसला की संपे. पुढे त्याने एक लहानसं छपाईयंत्र वर्गात आणलं. मुलं हवं ते लिहीत. त्यातला एक मजकूर वर्ग निवडे, सगळे मिळून तो नीट करत आणि मग एकेक खिळा उचलून जुळवत. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, त्यामुळे प्रत्येक अक्षर नजरेखालून जातंच. छापलेली पानं जात फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगँकच्या शाळेत, पार समुद्राकाठी.

खरी किमया इथे आहे. कडू संत्र्याची फुलं जवळच्या ग्रास शहरातल्या अत्तरवाल्यांकडे जात, हे बार-सुर-लूच्या पोराला कोणी सांगायची गरज नसे. समुद्राकाठच्या पोराला मात्र सांगावंच लागे. फुलं कधी वेचतात, कोण वेचतं, भाव काय मिळतो? लिहायचं म्हणजे आधी घरी विचारायला हवं. भूगोल, हिशेब, भाषा सगळं त्यात आलं.

आपल्याकडे हस्तलिखितांची सुंदर परंपरा आहे. पण बहुतेक ठिकाणी सुवाच्य अक्षराची चार मुलं निवडली जातात, वेलबुट्टी काढली जाते, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं आणि अंक कपाटात जातो. एवढ्या मेहनतीचं असं व्हावं याचं मला फार वाईट वाटतं. तोच अंक सिंधुदुर्गातल्या शाळेने यवतमाळच्या शाळेला पाठवला तर? मासळीचा लिलाव तिकडे, कापसाची वेचणी इकडे. आता तर पानांचे फोटो फोनवरूनही पाठवता येतात. सगळ्या जगाला दाखवायची गरज नाही, मुलांच्या बाबतीत ते धोक्याचंही आहे. ओळखीचा एक दूरचा वर्ग पुरे.

शुद्धलेखनाचं काय, असं पालक विचारतील. समोरच्याला कळावं म्हणून मूल ऱ्हस्व-दीर्घ तपासू लागलं, तर लाल शाईचं कामही हलकं होईल. वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. अभ्यासक्रम तुंबलेला, त्यात शिक्षकांमागे शाळाबाह्य कामं. म्हणून नवीन उपक्रम म्हणून हे वर लादू नये. वर्षभरात ठरावीक विषयांवरचे जे निबंध लिहून घेतले जातात, त्यातले निम्मे सोडून द्यावेत आणि त्या तासांना या दूरच्या वर्गासाठी लिहावं.