भीती कोणाची?

शापित वाड्याची कादंबरी एका बैठकीत संपवणारा वाचक चंद्रपूर-गडचिरोलीतही आहे, आणि त्याच्यापुढचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वाचकापेक्षा अवघड आहे. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात खांबाला बांधून मारलं गेलं. त्यांत म्हातारी माणसंही होती. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात जादूटोण्याच्या संशयावरून एका बाईला आणि एका पुरुषाला जाळून मारण्यात आलं. अटक झालेल्यांत त्या बाईच्या घरचेही होते. जिथे करणीचा नुसता संशय जीव घेतो, तिथे करणीच्या गोष्टीत रमणं हे पाप नाही का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. मात्र ते सहज देता येत नाही.

‘नाट्यशास्त्र’कार भरताने भयानकाला रसांत स्थान दिलं. भीती चाखता कशी येते, हे उलगडताना त्याचा भाष्यकार अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तलं हरीण घेतलं: दुष्यंताच्या बाणाला भिऊन मान वळवून मागे बघत धावणारं. रसिकाला जाणवणारी भीती त्या हरणाची नसते, रसिकाची स्वतःची नसते, शत्रूची वा मित्राचीही नसते. तिच्यावर कोणाचंच नाव नसतं, म्हणूनच ती आस्वाद्य होते. त्याच नाटकातला दुर्वासाचा शाप महाभारतातल्या शकुंतलेच्या कथेत नाही. तो कालिदासाने घातला. शाप ही कथेची सोय म्हणून आपल्याकडे इतकी जुनी आहे. बारसेवाड्यातली भीती मात्र नाव-पत्ता घेऊन आली होती. ती कोणाच्या तरी घरातलं आजारपण आणि मरण यांचा हिशेब एका विशिष्ट उंबरठ्यावर मागत होती. ही भीती रसाचा गडद प्रकार नव्हे; रसाला जे लागतं, नेमकं तेच तिच्यात नाही.

यावर कोणी म्हणेल, अशा पुस्तकांनीच अंधश्रद्धा पोसली जाते. मला हे पटत नाही. दुर्गम पाड्यांवर करणीचा समज छापील कादंबरीच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तो टिकतो तो दवाखाना लांब आणि पुजारी जवळ असल्यामुळे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही बोट अचूक ठेवलं आहे: अमका माणूस करणी करतो, त्याच्यामुळे रोगराई येते, असं सांगत त्याला छळणं हा गुन्हा, आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, तो त्यांच्या खुनानंतर आला. त्याचा रोख गोष्टीवर नाही, आरोपावर आहे.

दुसरा आक्षेप मात्र खरोखर बोचतो. भयकादंबरीत संशय नेहमी खरा ठरतो. हसणारा डॉक्टर आधी मरतो, भिणारा गावकरी शहाणा निघतो. वाचकाला हेच वळण पडलं तर? मला वाटतं, कादंबरीत शाप खरा असतो तो लेखकाने तो तसा ठरवला म्हणून, आणि वाचकाला हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. गावात असा लेखक कोणी नसतो. पण देवऋषी ती जागा बळकावतो आणि ‘हिनेच केलं’ म्हणून निकाल देतो. म्हणजे मुरलेल्या वाचकाला एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर दिसायला हवी: कोण बोलतोय आणि त्याला हे कळलं कसं. तरी आक्षेपाचा एक तुकडा उरतोच. भयकथाकार नारायण धारपांच्या बऱ्याच कथांत अमंगळ येतं ते माणसाच्या जगाबाहेरून, आणि ‘समर्थां’सारखं पात्र पछाडलेल्याच्या बाजूने उभं राहतं. त्याउलट गावकुसाबाहेरच्या एकट्या म्हातारीला चेटकीण ठरवून शेवटी गावालाच खरं करणारी कथा कितीही थरारक असली, तरी तिच्यातल्या भीतीवर पुन्हा नाव लिहिलेलं असतं, तेही इथे आधीच मार खाल्लेल्या माणसांचं. अशा कथेला मी रसाच्याच कसोटीवर नापास करीन.