पांढरं राखणं

समोर एक बशी ठेवा.

पांढरी, नक्षी नसलेली. जोडीचा कप केव्हाच फुटलेला असला तरी चालेल. चिनी मातीची मात्र हवी.

करायचं काही नाही. बघा फक्त.

आता बशीभोवती एक खोली मनात उभी करा. खोली अनगोळात आहे. टेबल खिडकीशी ओढलेलं आहे. बाहेर बेळगावचा पाऊस, दिवसभर पुरेल असा. चौथ्या गेटाकडून गाडीचा भोंगा येतो, लांबतो, विरतो.

टेबलाशी चार-पाच जणी बसल्या आहेत. एक कॉलेजातली मुलगी. उद्यमबागेत फाउंड्रीत उभा जन्म काढलेले एक काका. प्रत्येकापुढे एकेक बशी. शिकवणाऱ्या बाई अजून काही बोललेल्या नाहीत.

आपणही बोलू नये.

श्वास आत घ्या. सोडा. बशी तिथेच आहे.

बशी उचला. काठाला धरा, मध्ये बोट टेकवू नका. बोटाचा तेलकटपणा झिलईवर राहतो आणि तिथे रंग नीट धरत नाही.

कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवा. बशीवरून फिरवा. मधून काठाकडे, गोल, सावकाश. गारवा बोटांना लागतो. वास नाकात येतो आणि उडून जातो.

खिडकीकडे धरा. बशीच्या मागे दुसरा हात न्या.

खरं पोर्सिलेन असेल आणि अंगानं पातळ असेल, तर बोटांची सावली आरपार दिसते.

एक बोट हलवा. सावली हलते.

थांबा इथे. घाई कुणालाच नाही.

केओलिन ही पांढरी माती, तिच्यात फेल्डस्पार आणि गारेचं पीठ. एवढंच मिळून ही बशी होते. १३०० अंशांच्या पुढे ते सगळं एकजीव होतं, जवळजवळ काच होतं. चीनमध्ये हे हजार वर्षांहून जास्त काळ चालत आलं आहे. युरोपला ते जमायला अठरावं शतक उजाडावं लागलं. जर्मनीतल्या माइसेनचा कारखाना १७१० चा.

काकांना ह्या आचेची ओळख करून द्यावी लागत नाही. बिडाचा रस साधारण तेवढ्याच उष्णतेला ओततात. बाईंनी हे सांगितल्यापासून ते बशी जरा वेगळ्या तऱ्हेनं हातात धरतात.

तुम्हीही धरून बघा. गार आहे. ती आच आता कुठेच लागत नाही.

अनगोळहून दक्षिणेला निघालं की खानापूर. तिथल्या कुंभारांची माती भाजली की लाल होते. लाल होते ती लोहामुळे. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्था खानापुरातच आहे. चाकावरचा हात तिथे शिकता येतो. ह्या बशीच्या मातीत मात्र लोह नसल्यात जमा आहे. म्हणून ती पांढरी.

आणि टेबलावरच्या डब्यांकडे बघा. त्यातली विटकरी पूड आहे ना, ती लोहाचीच. मातीतून जे बाहेर ठेवलं, ते ब्रशावरून परत येणार.

पण आज तो डबा उघडायचा नाही. आज एकच फूल काढायचं आहे. अनंताचं.

पांढरं फूल, पांढऱ्या बशीवर.

कॉलेजातली मुलगी विचारते, "बाई, पांढरा रंग कुठला घ्यायचा?"

बाई बशीकडे बोट करतात.

त्या बोटाच्या दिशेनं बघा. पांढरा समोरच आहे. भट्टीनं आधीच देऊन ठेवला आहे. डबीतला पांढरा त्याच्यावर चढवला तर चुन्याचा डाग पडल्यासारखा दिसतो. बाई तो डबा कपाटाबाहेर काढतच नाहीत, आणि मला ते पटतं.

श्वास आत. बाहेर.

पांढऱ्या फरशीच्या एका तुकड्यावर हिरवट करडी पूड घ्या. चिमूटभर. शेजारी तेलाचा थेंब टाका. पातळ पात्याच्या सुरीनं दोन्ही एकत्र करा. दाबा, ओढा, गोळा करा. पुन्हा दाबा.

आवाज ऐका. सुरुवातीला सुरीखाली बारीक करकर असते. कण अजून मोकळे आहेत.

करकर थांबेपर्यंत घोटायचं. कान पात्याशी ठेवा. करकर… कमी… आणखी कमी.

आता काही ऐकू येत नाही. फक्त पाऊस.

ह्या पुडीत धातूचं भस्म आहे आणि सोबत काचेची पूड. रंग धातूचा, बशीला धरून ठेवणार ती काच. तेल दोघांना नुसतं वाहून नेणार आणि भट्टीत जळून जाणार. तेलात थोडं लवंगेचं तेल घातलं की रंग लवकर सुकत नाही. खोलीत मंद लवंग दरवळते आहे. घ्या तो वास.

आता पेन्सिलीनं फुलाची बाह्यरेषा. हलकीच. ती रेघही आगीत जाईल, तिची काळजी नको.

मऊ केसांचा चपटा ब्रश रंगात बुडवा. रेघेची पर्वा न करता, फुलावरून, फुलाबाहेर, बशीच्या मध्यभागी सगळीकडे रंग लावा.

फूल झाकलं जाऊ दे.

मग रेशमी कापडात गुंडाळलेला स्पंज घ्या. टिप, टिप, टिप. दाबायचं नाही, टेकवून उचलायचं. ब्रशाचे फटकारे विरतात. रंग सारखा होतो, पातळ होतो. पहाटेच्या धुक्याएवढाच उरतो.

रंगाखालून पेन्सिलीची रेघ अंधूक दिसते आहे. बघा तिला.

इथे बाई उठतात. मुलीच्या मागे येऊन उभ्या राहतात.

ब्रश स्वच्छ करायचा. तेलाचा अगदी पुसट ओलावा ठेवायचा. पाकळीच्या टोकावर टेकवायचा आणि देठाकडे ओढायचा. एकदाच. ब्रश रंग उचलून नेतो. मागे पाकळी राहते.

पुन्हा बघा. रंग लावून पाकळी आलेली नाही. रंग काढून घेतल्यावर आली आहे.

मुलगी ब्रश घट्ट धरते. तिच्या बोटांची पेरं पांढरी पडतात. बाई म्हणतात, "दाबू नको गे. जाऊ दे की त्याला."

तुमच्या मुठीकडे लक्ष द्या. खांद्याकडे द्या. कुठे आवळलं असेल तर सैल करा.

ब्रश टोकावर टेकवा.

श्वास सोडताना ओढा.

ही एक पाकळी.

तिच्याजवळ थांबा. काठाला रंग किंचित साचला आहे, म्हणून काठ दिसतो. मध्ये काहीच नाही. नुसती बशी. आणि तरी त्या 'काहीच नाही'ला पोत आहे, वळण आहे, थोडी ओल आहे. अनंताची पाकळी हातात घेतल्यावर लागते तशी जाडसर लागते ती नजरेला.

दुसरी पाकळी आत्ताच नको.

सुट्टीतल्या शिबिरांत मुलं मगांवर ॲक्रिलिकनं रंगवतात. छान रमतात. तो रंग झिलईच्या वर बसतो आणि काथ्यानं घासला की निघू लागतो. ते काम वाईट नाही, पण निराळं आहे. इथे रंग झिलईत उतरायचा आहे, आणि त्याला वेळ आहे.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी भांड्यांचं काम सुरू केलं. त्याच वर्षांत जॉन ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या गुहांत बसून भित्तिचित्रांच्या नकला उतरवत होते. तिथली वेलबुट्टी मग कलाशाळेच्या भांड्यांवर आली. भांडी पोर्सिलेनची नव्हती. पण अंधाऱ्या छतावरचं एक कमळ, मान वर करून बघितलेलं, मांडीवरच्या सुरईवर मान खाली घालून काढणारा कुणी असणारच.

त्याची मान डोळ्यांपुढे आणा. वर. मग खाली.

चोर्ला घाटानं पणजीला उतरलात, तर मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशाशी भिंतभर फरशा आहेत. जोर्जे कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेल्या, 'ओस लुसियादस' ह्या पोर्तुगीज महाकाव्यातल्या प्रसंगांच्या. पुढच्या खेपेला तिथे उभे राहा. निळ्याकडे सगळेच बघतात. तुम्ही निळ्याच्या मधला उजेड बघा. तो फरशीचा पांढरा आहे.

चला, खोलीत परत.

मुलीची दुसरी पाकळी वाकडी गेली आहे. ती बाईंकडे बघते. बाई बोळा पुढे करतात.

आत्ता सगळं पुसता येतं. एक पाकळी, सगळं फूल, सगळी बशी. हवं तितक्यांदा. झिलई काही लक्षात ठेवत नाही.

हे नीट अनुभवा. हातात बोळा आहे. पुसलं तरी चालेल, ठेवलं तरी चालेल. पोटात काय होतं बघा. पुसावंसं वाटतं? राहू द्यावंसं वाटतं?

उत्तर द्यायचं नाही. ऐकायचं.

आणि मग भट्टी.

विजेची, लहानशी, कपाटाएवढीही नाही. बशी आत जाते. दार सुरुवातीला किलकिलं ठेवतात. तेल जळतं, त्याचा धूर निघून जायला वाट हवी. लवंग जाते. पेन्सिलीची रेघ जाते. मग दार बंद.

४००. ५००. ६००.

आत कुणी बघत नाही.

७८०, ८०० च्या आसपास झिलई जेमतेम मऊ होते. रंगातली काच वितळते. दोघी एकमेकींत मिसळतात. त्यानंतर बोळा कामाचा नाही.

मग भट्टी बंद, आणि नुसतं थांबणं. गरम बशीला गार हवा लागली तर तडा जातो, म्हणून दार रात्रभर उघडायचं नाही. काका म्हणतात, "साच्यालाबी असंच. गडबड केली की कास्टिंग गेलं." वर्गात आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले आहेत.

ह्या थांबण्यात बसा. भट्टी थंड होत असते तेव्हा बारीक टक, टक आवाज येतात. दोन आवाजांमधलं अंतर वाढत जातं.

टक.

…

टक.

श्वासाचंही अंतर वाढू द्या.

सकाळ. दार उघडतं. बशी कोमट आहे. नखानं टिचकी मारा. स्पष्ट, लांब नाद आला म्हणजे तडा नाही.

काढलेल्या जागेवरून बोट फिरवा. आता बोट टेकवायला हरकत नाही. फूल कुठे सुरू होतं ते बोटाला कळत नाही.

आणि रंग बघा. काल होता त्याहून फिका. आगीत तो नेहमीच थोडा उतरतो. मुलीचा चेहराही उतरतो. तिला वाटलं होतं, एकदा भट्टीतून निघालं की झालं.

बाई बशी उजेडाकडे तिरपी करतात. "हां. आता सावलीचा हात."

पाकळी पाकळीखाली जाते तिथे, देठाच्या खळग्यात, अगदी थोडा करडा. तोही लगेच सगळीकडे नाही. आधी कुठे लावायचा नाही ते ठरवा. ब्रश हातात न घेता ठरवा. डोळे अर्धे मिटा. सगळ्यात उजळ जागा कुठली दिसते?

तिच्यावर नजर ठेवा.

ती तशीच ठेवायची. दुसऱ्या भट्टीत, तिसऱ्या भट्टीत, शेवटी काठाला सोनं लावायची वेळ आली तरी. बाटलीतलं सोनं तपकिरी, मळकट दिसतं. चकाकी त्याला आगीतूनच येते. पण ते पुढच्या महिन्याचं.

आज सावली. ब्रशाच्या एकाच कोपऱ्यावर रंग घ्या, दुसरा कोपरा कोरडा. वळवा, ओढा, उचला.

मुलीचा हात आता सैल आहे. बाई तिच्याकडे बघत नाहीत. काकांच्या बशीत पावसाळी हवेत उडालेला लोकरीचा एक धागा रंगाला चिकटला आहे, तो त्या सुईच्या टोकानं उचलताहेत.

"बुधवारी स्वेटर घालून येऊ नका," त्या म्हणतात. "आणि स्पिरिट कुणीतरी आणा की. इथलं संपलंय."