बसावयास जागा

रत्नागिरीच्या राम आळीत बाजाराला गेलो, की तिसऱ्या-चौथ्या दुकानापाशी आईचे गुडघे संप पुकारीत. एकदा ती एका दुकानाच्या पायरीवर टेकली. “आजी, गिऱ्हाइकांची वाट अडते,” हे शब्द कानी पडताच मुकाट्याने उठली. पायरी दुकानदाराची होती. त्याला दोष कसा द्यावा? समोरच्या सार्वजनिक रस्त्यावर मात्र एक मोटार सकाळपासून उभी होती. तिला कोणी ‘ऊठ’ म्हटले नाही.

सर्वांच्या मालकीच्या जागेवर निर्जीव वाहनाला विसावा मिळावा आणि थकल्या माणसाला मिळू नये, हा न्याय कोणता?

एका मोटारीला उभे राहावयास सुमारे १२ चौरस मीटर जागा लागते. तेवढ्यात आठ-दहा माणसे ऐसपैस बसू शकतात. २००५ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात ‘रीबार’ या कलावंतांच्या गटाने वाहनतळाच्या यंत्रात रीतसर नाणी टाकली; पण त्या जागेत मोटारीऐवजी हिरवळ अंथरली, एक बाक आणि एक झाड ठेवले. दोन तासांनी सारे आवरून ते निघून गेले. २०१० पासून त्याच शहराने रस्त्याकडेला अशा अधिक काळ टिकणाऱ्या बैठका होऊ दिल्या. आपल्या पुण्यातही जंगली महाराज रस्त्याच्या फेररचनेत पदपथ रुंदावून बाके मांडली गेली.

यावरील आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पावसहून रुग्णाला घेऊन येणाऱ्याने गाडी कोठे लावावी? दुकानाचा माल कोठे उतरावा? अपंगांना तर गाडी हेच पाऊल असते. म्हणून सगळीच जागा काढून घेणे हाही अन्याय ठरेल. परंतु गरज आणि सोय यांत भेद आहे. मालाची गाडी काम होताच हलते. दिवसभर उभी राहणारी मोटार सार्वजनिक जागेचे खाजगी अंगण करून टाकते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हा विषय वगळलेला नाही. एकदोघांना वाहून नेणाऱ्या असंख्य मोटारींपायी रस्ते आणि वाहनतळ वाढत जातात व शहराचे रूप बिघडते, असे ते सांगतात. पृथ्वीवरील दाने सर्वांसाठी आहेत, ही ख्रिस्तसभेची शिकवण रस्त्याच्या कडेलाही लागू पडते.

मात्र बाक मांडला की काम संपले, असे नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, तरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंसह तेथे जाऊन पाणी प्यावे लागले. तो लढा माणुसकीचा होता. बाकाची त्याच्याशी बरोबरी नाही. पण कागदावर खुली आणि खरोखर खुली यांतील अंतर कोकणाने तेथे पाहिले. उद्या शेजारच्या हॉटेलने चहा घेणाऱ्यांनाच बाकावर बसू दिले, तर मोटारीची जागा गल्ल्याने घेतली, इतकेच होईल. कसोटी एकच: खिशात दमडी नसलेल्या, घामाने भिजलेल्या हमालाला तेथे निर्धास्त टेकता येते का?

आई आता नाही. राम आळीकडे जाताना मी आजही मोटार लावावयास जागा शोधतो, आणि ती मिळाली की मला आनंद होतो. प्रथम माझ्याच त्या आनंदाची झडती घ्यावयास हवी.