गवत्याच्या तोंडाने

बागेतल्या शोभेच्या तळ्यात तण माजलं, की मालक तणनाशकाकडे बघतो किंवा गवत्याकडे. गवत्या म्हणजे ग्रास कार्प, चीन आणि अमूर नदीच्या खोऱ्यातला मासा. भारतात तो 1959 मध्ये हाँगकाँगहून आला, अमेरिकेत 1963 मध्ये पोचला. घशातल्या दातांनी तो पाणवनस्पती रगडतो आणि उबदार पाण्यात दिवसभर चरत राहतो. विष नको, विळा नको. मासा पोट भरतो, मालकाचे हात कोरडे राहतात.

पण हात कोरडे राहिले म्हणून कर्म चुकलं का?

पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसा तीन प्रकारची सांगितली आहे: कृत, कारित आणि अनुमोदित. म्हणजे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि मान डोलावून होऊ दिलेली. जैन आचारशास्त्र याच तिन्हींना मन, वचन आणि काया यांची जोड देऊन नऊ कोटी मोजतं. त्या मोजणीत पाणवनस्पतीसुद्धा जीवच, फक्त एकेंद्रिय, मासा पंचेंद्रिय. गवत्या भुकेपोटी खातो, तळं देखणं करण्याशी त्याला कर्तव्य नाही. तो हेतू मालकाचा, म्हणून ही हिंसा ‘कारित’ ठरते. गृहस्थाला घरसंसारातली ‘आरंभी’ हिंसा पुरती टाळता येत नाही, हे जैन विचारालाही मान्य आहे. मात्र शोभेचं तळं ही गरज की हौस, हा प्रश्न तरीही उरतोच.

आणि ज्याला तण म्हणायचं, ते तरी कोणी ठरवलं? हायड्रिला ही पाणवनस्पती फ्लोरिडात 1950 च्या दशकात आली ती मत्स्यालयांची शोभा म्हणून. तिथून निसटून तलावांत पसरली, तेव्हा ती तण झाली.

तिला आवरायला टेक्सासमधल्या लेक कॉनरो या जलाशयात 1981-82 मध्ये सुमारे 2,70,000 गवत्ये सोडले. थोड्याच काळात पाण्याखालची वनस्पती जवळजवळ संपली, हायड्रिलाबरोबर बाकीचीही. गवत्याला शोभेचं आणि नकोसं यांतला फरक कळत नाही. कोवळं संपलं की तो कमळाच्या पानांनाही तोंड लावतो.

हे मासे नद्यांत निसटून वाढू नयेत म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आता फक्त वांझ गवत्या सोडता येतो. फलित अंड्यांवर प्रचंड दाब दिला की पिल्लात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच राहतात आणि त्याचा वंश पुढे चालत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने ही खबरदारी रास्तच. पण ‘कारित’च्या वहीत आता तणाखाली आणखी एक नोंद होते, ती या माशाचीच.

तणनाशकाचं काम फवारणीपुरतं असतं. गवत्या दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. तळं स्वच्छ झाल्यावरही त्याची भूक असतेच. मग मालक हिरवळीवरचं कापलेलं गवत पाण्यात टाकतो, नाहीतर त्याला बाहेर काढायला जाळं लावतो. जाळं जवळ आलं, की गवत्या त्यावरून उडी मारून पलीकडे जातो.