शेजारच्या ताटातला गोड पाव

नाताळच्या दिवसांत यवतमाळात ख्रिस्ती घरांतून शेजारीपाजारी फराळाची ताटे जातात. त्यांतील करंज्या-चकल्या आपल्या दिवाळीच्याच. परंतु एखाद्या ताटात मनुका, बदाम, दालचिनी, जायफळ घालून घरी भाजलेला गोड पावही असतो. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत ह्याच शहरी होती, आणि मिशनचे वास्तव्य त्याहूनही जुने. तेव्हा पाव येथे नवलाचा नव्हे. ताट आता कोणी परत पाठवीत नाही. ते हसतमुखाने घेतले जाते, आणि कित्येक सुशिक्षित घरांत दार लागल्यावर त्यातील पाव न चाखताच मोलकरणीच्या पदरात पडतो. (तिला तो चालेल, हेही आपणच ठरवितो.) ह्या वर्तनास शिष्टाचार म्हणावे की आणखी काही?

त्याच घरांत बाजारचा बन चहाबरोबर खुशाल चालतो. मैदा तोच, खमीर तेच. भट्टीवर तो कोणी मळला ह्याची चौकशी नाही. म्हणजे आक्षेप आंबवण्यावर नव्हे. तसा तो असता तर जिलबी आपल्या पंगतीतून केव्हाच उठली असती, कारण तिचेही पीठ आंबते. आक्षेप हातावर आहे म्हणावे, तर तोही सर्व हातांवर नाही. बासुंदीवर आपण जी चारोळी पेरतो ती रानातून वेचून आणणारे हात गोंडाचे असतील, कोलामाचे असतील. तिच्या सोवळ्याओवळ्याचा विचार आम्ही कोठे ऐकला नाही. जो हात दिसत नाही तो शुद्ध, आणि जो रोज भिंतीपलीकडून मीठ-साखर उसनी देतो तो तेवढा अशुद्ध, असा हा उफराटा न्याय आहे.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून जे ग्रामण्य माजले ते वाचकांस ठाऊक असेलच. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापविली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली ते घेतले तेव्हा त्यांचे सुधारक स्नेहीच खट्टू झाले. आज ह्या साऱ्याचे हसू येते. परंतु त्या भांडणात एक गुण होता: जो तो आपला पक्ष उघडपणे मांडीत होता. पुढे हा निर्बंध कोणी वादात जिंकून मोडला, असे आम्हांस वाटत नाही. आगगाडी, उपाहारगृहे आणि बेकऱ्या यांनी तो गैरसोयीचा केला, आणि जेथे गैरसोय झाली तेथे तो सुटला. शेजाऱ्याच्या ताटापाशी तो पाळण्यात काहीच गैरसोय नव्हती; तेथे तो राहिला. जे मन पालटून सुटत नाही, केवळ सवडीने सुटते, त्यास सुधारणा म्हणण्यास आम्ही कचरतो.

कोणी म्हणतील, पावात अंडे असते. हा आक्षेप खरा आहे व आदरणीयही आहे, परंतु तो पदार्थावरचा आहे आणि एका प्रश्नाने मिटण्याजोगा आहे. "ताई, ह्यात अंडे आहे का?" असे विचारणाऱ्याचा राग कोणतीही शहाणी गृहिणी करीत नाही. ज्यांना तो विचारायचाच नसतो ते मात्र अंड्याच्या आडून बरेच काही लपवितात.

आणि जे टाकले जाते ते काय असते? साध्या पावाहून हा पाव पुष्कळ हट्टी. साखर अधिक पडली की ती पीठातले पाणी धरून ठेवते आणि खमीर मंदावते; दालचिनीही त्यास आवर घालते. त्यात डिसेंबरातील आमच्याकडची थंडी. म्हणून कणीक रात्रभर पांघरूण घालून चुलीच्या उबेजवळ ठेवावी लागते. भिजविलेल्या मनुका पहिल्या मळणीनंतर, हलक्या हाताने घालाव्या लागतात, नाहीतर त्या चिरडून सारा गोळा काळपट करतात. पहाटे उठून तो पुन्हा दाबावा, पुन्हा फुगू द्यावा, मग भाजावा. एवढे करून करणारी बाई दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी साहजिकच विचारते, "पाव फुगला होता ना नीट? आत कच्चा नव्हता ना राहिला?" आणि ज्याने तो चाखलाच नाही त्यास तिच्या तोंडाकडे पाहून काहीतरी उत्तर द्यावे लागते.