शांति कोणाची?

स्मृतिभ्रंशानें ग्रासलेला वृद्ध गृहस्थ रात्रभर ओरडतो, 'मला घरीं जाऊं द्या' म्हणून आपल्याच घराचें दार ठोठावतो, अंघोळ घालणाऱ्या सुनेवर हात उगारतो, आणि अखेरीस घरचीं माणसें डॉक्टरांस विनवितात, "यांना शांत करा." येथें दुःख कोणाचें आणि औषध कोणास, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हांस तें विचारल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

कारण हीं औषधें निरुपद्रवी नाहींत. बुद्धिभ्रमावरील नव्या औषधांविषयीं अमेरिकेच्या औषधनियंत्रक खात्यानें २००५ सालीं इशारा दिला: सामान्यतः दहा आठवड्यांच्या प्रयोगांत औषध घेणाऱ्या अशा वृद्धांपैकीं शेंकडा सुमारें ४.५ दगावले, नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकीं २.६. २००८ मध्यें जुन्या औषधांसही तोच इशारा लागू झाला. २०२३ च्या मे महिन्यांत त्याच खात्यानें अल्झायमरच्या रोग्यांतील प्रक्षोभासाठीं ब्रेक्सपिप्राझोल या औषधास मान्यता दिली. पण इशारा कायम ठेवून.

याउलट, नॉर्वेंतील १८ शुश्रूषागृहांमधील ३५२ रोग्यांवरचा एक प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्या रोग्यांस वेदनाशामकें पायरीपायरीनें दिलीं; पुष्कळांस साधें पॅरासिटॅमॉलच दिलें होतें. आठ आठवड्यांत त्यांचा प्रक्षोभ इतरांच्या मानानें सुमारें १७ टक्क्यांनीं उतरला. ज्यास आपण चळ म्हणतों तें कित्येकदां सांगतां न आलेलें दांतदुखणें असतें, तुंबलेली लघवी असते. सुनेच्या हातून अंघोळ ही ज्यास जन्मभर अशक्य वाटली असती, त्याची स्मृति गेली तरी लाज गेलेली नसते! तेथें गोळीपेक्षां एखादा पुरुष सेवक अधिक गुणकारी.

तथापि महिनोन्महिने ज्यांच्या डोळ्यास डोळा लागलेला नाहीं, त्यांस उंटावरून शेळ्या हांकीत कर्तव्य शिकविणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. प्रत्येक छायेंत मारेकरी पाहून थरथरणाऱ्या रोग्याची भीति त्याची स्वतःची असते. इतर उपाय थकल्यावर तेथें औषध नाकारणें ही निर्दयता होय. मात्र मात्रा अल्प असावी, मुदत ठरलेली असावी, आणि पाहावें तें हें कीं तो जेवतो काय, चालतो काय, माणसें पाहून हंसतो काय. केवळ खुर्चींत निमूट बसतो, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यास आपणांस कोणाची शांति हवी होती याचें उत्तर मिळालेलेंच आहे.

पण ही निवड रोग्याच्या वतीनें करावी कोणीं? आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, बुद्धि शाबूत असतांनाच पुढील उपचारांविषयींची इच्छा लिहून ठेवण्याचा व प्रतिनिधि नेमण्याचा अधिकार दिला आहे. आमच्या वर्गांत मृत्युपत्रें काळजीनें होतात. फ्लॅट कोणाचा, दागिने कोणाचे, सारें लिहिलेलें असतें. हा दुसरा कागद मात्र आम्हीं अद्याप एकाही स्नेह्याच्या घरीं पाहिलेला नाहीं.